क्लॅम्प जागेवरच होता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे संचालक साहेब. मंचावर विराजमान झालेले उत्पादन विभागाचे मॅनेजर साहेब आणि मनुष्यबळ विभागाच्या मॅडम. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना हजेरीपुस्तक सोडलं तर कुणीच नावाने ओळखत नाही असे आमचे मास्तर. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या घरच्या, आमच्या काकू. आणि दोन्ही पाळ्यांमधल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मॅडमनी मला बोलण्यासाठी कागद टाइप करून दिलाय. तीन मिनिटांचा आहे. त्यात मास्तरांना वटवृक्ष म्हटलंय, दीपस्तंभ म्हटलंय, आणि शेवटी ते 'वयोमानानुसार विश्रांती घेत आहेत' असं म्हटलंय. मॅडम, कागद सुरेख आहे. पण मास्तर झाडही नाहीत आणि दिवाही नाहीत. ते मिलिंग मशीनचे सेटर आहेत, कापायचा नग मशीनवर बांधून मशीन तयार करून देणारे, एकतीस वर्षं. निवृत्तीला अजून दोन वर्षं शिल्लक आहेत. मग हे वयोमान आलं कुठून? त्याचं उत्तर कागदात नाही, म्हणून कागद घडी घालून खिशात ठेवतो. तुमच्या मेहनतीचा अपमान नाही, मॅडम. पण तो माझ्याच्याने वाचवत नाही.

पाहुण्यांना मी माहीत नसेन. मी इथला प्रोग्रॅमर. संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या सीएनसी मशीनमधला कटर कुठून निघेल, धातूत कुठे उतरेल, कुठून कुठे कापत जाईल, ती वाट संगणकावर आखून द्यायची, हे माझं काम. तिला टूलपाथ म्हणतात. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. सरांशी वाद झाला होता आणि बरोबर मी होतो, पण तो विषय आज नको. माझ्या पाठीमागे तुम्ही सगळे मला 'अर्धवट' म्हणता. हसू नका, मला ठाऊक आहे. मास्तर तेवढे तोंडावर म्हणतात.

मी आलो तेव्हा मला वाटायचं, सेटर म्हणजे नट आवळायचे पाने फिरवणारा माणूस. अक्कल सगळी माझ्या संगणकात. पहिल्याच महिन्यात माझ्या एका नगाच्या कोपऱ्यांत लाटा उठायला लागल्या. कटर कोपऱ्यावर आला की किंचाळायचा. मी वेग बदलला, पुन्हा बदलला, कटर बदलला, कटर विकणाऱ्याला शिव्या घातल्या. मास्तर आले. पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "या टेबलाभोवती पळ. सांडायचं नाही."

"मास्तर, मी लहान आहे का?"

"पळ म्हटलं ना, अर्धवटा!"

पळालो. सरळ बाजूंना एक थेंब सांडला नाही, आणि चारही कोपऱ्यांवर शर्ट भिजला. मास्तर म्हणाले, "कटरचंही तेच होतंय. चौकोनी वळवतोयस त्याला. कोपरा गोल कर, अंगावर एकदम ओझं येऊ देऊ नकोस." केला गोल. लाटा गेल्या. साहेब, मला सांगा, अशा माणसाला घरी पाठवून आपण कुणाला विश्रांती देतोय?

आता अपघाताकडे येतो. मॅनेजर साहेब, खुर्चीत सरकू नका, अजून मी सुरुवातसुद्धा केली नाही.

सहा आठवड्यांपूर्वी चार नंबरच्या मशीनवर कटर क्लॅम्पवर आदळला. क्लॅम्प म्हणजे नग टेबलाशी घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पट्टी. कटरचे तुकडे झाले, कटर फिरवणाऱ्या स्पिंडलचं बेअरिंग गेलं, मशीन एकोणीस दिवस बंद राहिलं. चौकशी झाली. अहवालात एकच ओळ आहे: सेटरने निष्काळजीपणे क्लॅम्प चुकीच्या जागी बांधला. खाली मास्तरांची सही, 'मान्य आहे'. त्या ओळीमुळे नव्या प्रशिक्षण विभागाचं प्रमुखपद गेलं. मास्तर तिथे शिकवणार होते. खोलीत फळासुद्धा लागला होता. आणि त्याच ओळीमुळे आज हा समारंभ आहे.

काकू, तुम्हाला घरी सांगितलंय की गुडघे दुखतात म्हणून नोकरी सोडतोय. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. परवाच माझ्या मागे दोन जिने चढून आले, मला हे भाषण करू नकोस म्हणून सांगायला.

क्लॅम्प जागेवरच होता. माझ्या चित्रात जिथे दाखवला होता, तिथेच, मिलिमीटरसुद्धा इकडेतिकडे नाही. चूक टूलपाथमध्ये होती, आणि टूलपाथ माझा होता.

कसं ते सांगतो. सगळ्यांना कळलं पाहिजे. नंतर कुणी म्हणायला नको की पोरगा भावनेच्या भरात बोलला. एक खळगा कापून झाला की कटरला वर उचलायचं, पुढच्या खळग्यावर न्यायचं आणि खाली उतरवायचं. मी दर वेळी शंभर मिलिमीटर उचलत असे. त्या दिवशी उचलणं पाचवर आणलं. एका नगामागे अकरा सेकंद वाचत होते. संगणकाच्या पडद्यावर कटर एका खळग्यावरून दुसऱ्यावर सरळ रेषेत, क्लॅम्पच्या बाजूने अलगद निघून जाताना दिसत होता. मी खूश.

पण कापत नसताना, नुसत्या रिकाम्या धावेत, चार नंबरचं मशीन सरळ जात नाही. डावी-उजवी आणि पुढे-मागे, अशा त्याच्या दोन्ही दिशा एकदम, सारख्याच वेगाने सुटतात. ज्या दिशेला कमी अंतर जायचंय ती आधी पोचते आणि थांबते, दुसरी पुढे जात राहते. म्हणजे कटर आधी तिरका जातो, मग सरळ. त्या तिरक्या तुकड्यात क्लॅम्प उभा होता. शंभर मिलिमीटर उंचीवर असता तर कटर त्याच्या डोक्यावरून गेला असता. पाचवर होता. आदळला.

हे मला माहीत नव्हतं का? मास्तरांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, "तुझा पडदा रेघ मारतो, मशीन धावतं. आधी हवेत चालवून बघत जा." त्यालाच ड्राय रन म्हणतात. नगाबरोबर जो सेटअपचा कागद जातो त्यावर चौकट असते, 'ड्राय रन झाला'. मी चौकटीत खूण केली. ड्राय रन केला नव्हता. मास्तरांनी ती खूण बघितली, माझ्यावर विश्वास ठेवला आणि बटण दाबलं.

का केलं असं? इथे जरा लाज वाटते, पण निघालोच आहे तर सांगतो. शेवटचा नग तपासल्याशिवाय प्रोग्रॅमरने निघायचं नाही असा आपला नियम आहे. चाळीस नग होते. प्रत्येकी अकरा सेकंद म्हणजे सात मिनिटं. त्या सात मिनिटांत मला एक बस गाठायची होती. बसमध्ये माझं काही काम नव्हतं. बसमध्ये जी बसते तिच्याशी होतं.

शिट्ट्या वाजवू नका रे. नाव घेणार नाही. ती या हॉलमध्ये आहे आणि मी त्या बाजूला बघतसुद्धा नाहीये, लक्षात आलं असेल तुमच्या.

ती इन्स्पेक्शनमध्ये आहे एवढं मात्र सांगावं लागेल, कारण पुढची गोष्ट तिची आहे. अपघातानंतर तुटलेला क्लॅम्प सगळ्यांनी पाहिला. मोजला फक्त तिने. अहवाल म्हणतो तसा कटर पडद्यावरच्या सरळ रेषेत जाऊन चुकीच्या जागी बांधलेल्या क्लॅम्पवर आदळला असता, तर ओरखडा त्या रेषेच्याच कोनात, अकरा अंशांत पडला असता. ओरखडा होता पंचेचाळीस अंशांत, दोन्ही दिशा सारख्या वेगाने धावल्या की पडतो तसा. म्हणजे क्लॅम्प जागेवर होता आणि कटर तिरका आला होता. तिने हे लिहून, सही करून, चौकशीच्या फाइलला लावलं. मॅनेजर साहेब, तुमच्याच फाइलमध्ये, सातव्या पानावर आहे ते. कुणी वाचलं? सॉफ्टवेअर विकणारा टाय लावून आला, म्हणाला, "आमच्या पडद्यावर टक्कर दिसत नाही," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पडद्यावर दिसत नाही म्हणून लोखंडावरचा ओरखडा खोटा?

मग ती माझ्याकडे आली. कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला. "हे तुझं आहे ना?"

मी पडद्याकडेच बघत राहिलो.

"तोंड शिवलंय? बसस्टॉपवर तर बोलायचा थांबत नाहीस."

मी म्हटलं, "मास्तरांनीच गप्प राहायला सांगितलंय."

ती म्हणाली, "आणि तू ऐकलंस? आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकलंस, ते नेमकं हे?" त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. आजच्या बोलण्यानंतर बोलेल अशी माझी अपेक्षा नाही. बरं, थोडी आहे.

मास्तरांनी खरंच सांगितलं होतं. टूल स्टोअरमध्ये नेलं आणि म्हणाले, "तुझ्याकडे डिग्री नाही, घरी बापाशी बोलणं नाही. हे गेलं तर कुठे जाशील? माझी दोनच वर्षं राहिलीत. मी सही केलीय. विषय संपला." मास्तर, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण राग त्याहून जास्त आला, आणि तो अजून आहे. तुम्हाला कुणी विचारलं होतं? मला काय पांगळा समजलात? चार वर्षं मला शिकवलंत की चूक सापडेपर्यंत मशीनपासून हलायचं नाही. आणि सगळ्यात मोठी चूक सापडली तेव्हा तीच झाकून टाकलीत?

मात्र सहा आठवडे मी ती झाकू दिली. तो दोष तुमचा नाही.

म्हणून आज सकाळी पहिल्या पाळीत मी तोच जुना प्रोग्रॅम चार नंबरवर चढवला. क्लॅम्पच्या जागी त्याच मापाचा थर्माकोलचा ठोकळा बसवला, बरोबर चित्रातल्या जागेवर. परवानगी घेतली नव्हती. मागितली असती तर मिळाली नसती. कटर तिरका आला आणि ठोकळ्याचा कोपरा कापून गेला. चौदा जणांनी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या निवेदनाखाली त्या चौदा जणांच्या सह्या आहेत. साहेब, हा तो कागद, तुमच्यासमोर ठेवतो. फुलं जरा बाजूला करतो. दुरुस्ती दोनच ओळींची आहे: 'क्लॅम्प जागेवरच होता. ड्राय रनची खोटी खूण प्रोग्रॅमरने केली.' आणि दुरुस्ती झाली की मास्तरांचं निवृत्तीचं पत्र परत घ्या. त्या शिकवायच्या खोलीत दुसरं कुणी उभं राहिलं, तर निदान मी तरी शिकायला जाणार नाही.

मॅडम माझ्या राजीनाम्याचं विचारतील. देणार नाही. मी चूक केली, पळून जाण्यासारखं काही केलेलं नाही. उद्या सकाळी सातला मी कामावर असेन. काढायचं तर काढा, पण कारण लिहून काढा, आणि खरं कारण लिहा.

मास्तर, बसा. उठू नका. काय? जरा मोठ्याने बोला, मागे ऐकू जात नाही. "सही माझी आहे, ती खोडणारा तू कोण?" ऐकलंत सगळ्यांनी? मास्तर, तुमची सही तुमच्या कामावर चालेल. एकतीस वर्षांच्या कुठल्याही नगावर चालेल. माझ्या चुकीवर नाही चालणार. काकू, त्यांचा हात धरा. नाही, राहू द्या, येऊ द्या त्यांना वर. कानाखाली वाजवणार असतील तर इथेच वाजवू द्या, सगळ्यांदेखत. तेवढा त्यांचा हक्क आहे.

साहेब, कागद अजून तिथेच पडलाय. पेन त्यावरच ठेवलंय.

मला बोलू दिलंत, तीन मिनिटं केव्हाच उलटून गेली तरी माईक बंद केला नाहीत, याबद्दल अध्यक्षांचे, मंचावरच्या मान्यवरांचे आणि शेवटच्या रांगेपर्यंत शांत बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात माझी जीभ घसरली असेल, मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं पोटात घाला. त्या टूलपाथमध्ये जे झालं ते मात्र पोटात घालू नका. ते कागदावर लिहा, आणि माझ्या नावाने लिहा.