हात लावायचा नाही

—नाही हो काका, तुम्ही सरकू नका, मला एवढीशी जागा पुरते. खरं म्हणजे मी इथे बसायलाच नको होतं. लेकीनं बजावून सांगितलंय, आई, तू फाटकाशी थांब, परीक्षेच्या खोलीपाशी फिरकू नकोस. पण तिचा पांढरा कोट घरी राहिला. म्हणजे राहिला नव्हता, तिनं पिशवीत भरलेला मीच बाहेर काढला, पुन्हा एकदा इस्त्री फिरवावी म्हणून, आणि मग — जाऊ दे. आणून दिला. आता आलेच आहे तर बसते. आत तिची प्रॅक्टिकल आहे, शेवटच्या वर्षाची. दुसऱ्यांदा. तुम्ही नातीबरोबर आलात वाटतं? बरं असतं, घरचं माणूस जवळ असलेलं. आमची या वेळी नाही ना झाली पास, तर अख्खं वर्ष गेलं, आणि ती म्हणते, आई, मग मी हे सोडूनच देईन.

कसली म्हणजे — ऑक्युपेशनल थेरपीची! आम्हालाही कुठे कळलं होतं. माहितीपत्रकावर कंसात ‘व्यवसायोपचार’ छापलं होतं, ते माझ्या दिरांनी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर — माझा छत्र्यांचा व्यवसाय दोन वर्षं आजारी आहे, करा त्याच्यावर उपचार! पोर बिचारी पहिल्या वर्षाला, तिनं समजावलं, तो व्यवसाय नाही हो. माणूस रोज जे जे करतो ना, दात घासणं, शर्ट घालणं, चहा करणं, ते आजारपणानं जमेनासं झालं की पुन्हा करायला शिकवायचं. त्यावर दीर म्हणतात कसे, मग तुझ्या बापापासून सुरुवात कर, त्याला तर ठणठणीत असतानाही यातलं काही जमत नाही!

मग काय, घराचाच दवाखाना. माझा उजवा हात टॉवेलनं अंगाशी बांधायचा आणि म्हणायचं, आई, तुला अर्धांगाचा झटका आलाय, आता पावाला जॅम लाव. लावा! ताटली पुढे पुढे आणि मी तिच्या मागे, ओट्याच्या टोकापर्यंत वरात. मग तिनं ताटलीखाली ओलं फडकं घातलं, तर ताटली जागची हलेना. एवढंसं फडकं शिकायला चार वर्षं! — हसा, मीपण हसले होते, पण स्वतःची ताटली पळायला लागली ना, की कळतं. एकदा मी अशी बांधलेली आणि दारात शेजारीण. तिनं माझ्याकडे पाहिलं, लेकीच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, वहिनी, मी कुणाला बोलवू का? आणि आमचे हे! यांच्या चमच्याला तिनं फोम गुंडाळला, थरथरत्या हाताला जाड मूठ बरी म्हणून. यांचा मेला हात दगडासारखा स्थिर, पण आता साध्या चमच्यानं घास उतरत नाही. परवा पाहुण्यांकडे जेवताना खिशातून स्वतःचा चमचा काढला. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला तो जेवण संपेपर्यंत काढलाच नाही.

नापास? ती कशी झाली ते... आता तुम्हाला म्हणून सांगते. पेशंट होत्या एक बाई, एक हात अधू. त्यांना शर्ट घालायला शिकवायचं, अधू हात आधी बाहीत, चांगला मागून, मग बटणं. बाहीपर्यंत झकास झालं. बटणाशी गाडी अडली. त्या बाई एका बटणाशी झटताहेत, झटताहेत, सात मिनिटं झाली, आठ झाली — आणि गेला माझ्या पोरीचा हात! पटापट सगळी बटणं लावून मोकळी, वर कॉलरसुद्धा सारखी केली! परीक्षक म्हणाले, शर्ट पास, तुम्ही नापास. इथे हात लावायचा नाही हो, जीव तुटला तरी. हे कुठे शिकलात, असं विचारलं त्यांनी, तर ही काय म्हणाली असेल? “आईकडून.” भर परीक्षेत माझं नाव! मी काय केलं, सांगा? बुटाची नाडी बांधून दिली असेल. ती सगळ्याच आया बांधतात. चौथीपर्यंत. बरं, दहावीपर्यंत. बरं — आज सकाळी बांधली, पण तिला उशीर होत होता ना! आणि तिनं नुसता पाय पुढे केला आणि वरून बघत राहिली माझ्याकडे. मला तेव्हाच कळायला हवं होतं, ती काय दाखवतेय ते.

अहो, हलू नका जरा, केव्हाची बघतेय, शर्ट सगळा उघडा तुमचा, या खिडकीतून वारा किती येतो — हे एक, हे दोन — लाजताय काय, मला सवय आहे — काय? राहू दे कसं? मुद्दाम उघडा ठेवलाय? कुणी सांगितलं, आतल्या सरांनी? ते तुम्हाला कशाला सांगतील असलं — आणि हा डावा हात तुमचा असा...

अगंबाई.

तुम्ही नातीबरोबर नाही आलात. तुम्ही पेशंट आहात! कितव्या नंबरचे? अकरा? अकरा नंबर म्हणजे माझीच लेक हो! थांबा, काढते, काढते सगळी — अहो शिपाईदादा, तसलं काही नाही, मी यांची बटणं काढत नाहीये, म्हणजे काढतेय, पण लावलीही मीच होती! — गेले बाई हसत. काका, एक विचारू? हे मधलं एकच राहू दे का लावलेलं? कुणाला कळतंय? नाही? बरं, बरं, डोळे वटारू नका. किती वेळ लागतो तुम्हाला एकट्यानं? बारा मिनिटं! अहो, बारा मिनिटं माझी पोर हात आवरून कशी उभी राहील? मी दहा मिनिटं बसले नाही तुमच्याजवळ आणि काय करून ठेवलं बघा!

दार उघडलं. बोलावताहेत. ती बघा, दारात तीच आहे — बघू नका माझ्याकडे असं, मी चाललेच फाटकाशी — अहो काका, काठी! काठी पडली तुमची. उचल— नाही. नाही उचलणार. ही बघा, हातांवर बसले मी, दोन्ही. वाका सावकाश. ते स्टूल धरा... तीही हलत नाहीये. हात मागे बांधलेत तिनं, ओठ दाबलेत, पण हलत नाहीये हो ती! आली? आली हातात? शाबास. जा आता. सावकाश लावा बटणं, बारा नाही पंधरा मिनिटं लावा, काही घाई नाही आम्हाला. जा म्हणते ना! डोळ्यांत काही नाही माझ्या, हाताला मुंग्या आल्यात.