दाजींचे ठोके वाढेनात

बीपीच्या गोळीचं मला नका सांगू, आधी आमच्या दाजींचं ऐका. मुदखेडला बहिणीकडं गेलो होतो. दाजी सकाळी फिरून आले ते घामाघूम होऊन. मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढं धरून म्हणले, "बघ, एवढा पळालो तरी छातीचे ठोके शंभराच्या वर जाईनात. बाकीच्यांचे लई वाढतात. चहाच्या टपरीवर समदे हसून राहिलेत. उद्या आणखी जोरात पळतो."

ताई आतून म्हणली, "चक्कर येऊन खाली बसलते, ते बी सांगा की."

मी त्यांना तसंच नांदेडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनी गोळ्यांचं पाकीट बघितलं. "अहो, ही बीपीची गोळी ठोके वाढूच देत नाही. तेच तिचं काम आहे. घड्याळाच्या नादानं पळाल तर पडाल."

दाजींनी विचारलं, "मग गोळीच बंद करू का?"

"एकदम बंद केली तर हार्ट अटॅक येऊ शकतो. घड्याळ काढून ठेवा. चालताना बोलता आलं पाहिजे. दम लागून बोलणं तुटलं, की वेग कमी करा."

दाजींच्या ध्यानात एवढंच राहिलं, की बोलायचंय. तेव्हापासून मला रोज सकाळी लातूरला फोन. फेरी संपेपर्यंत शेजाऱ्याचा बांध, सोयाबीनचा भाव, पुतण्याचं जमेना झालेलं लग्न. बोलणं एकदा बी तुटत न्हाई.

त्यांची तब्येत झकास हाय. परवा मला तीच गोळी चालू झाली.