सरांचे नाउन आणि माझी माटोळी

नाही, नाही, आधी मला सांगा, माझ्याच घरात, माझ्याच मेजावर, माझ्याच चहाच्या कपाला चिठ्ठी चिकटवायची, हे कुठल्या राज्यात चालतं? हो, आपलं गोवा नवीन राज्य झालंय, मान्य! मे महिन्यात मीसुद्धा फटाके लावले. पण म्हणून कपाला चिठ्ठी? मला पाळी गावच्या लोखंडाच्या खाणीवर ट्रकात पहिली खेप भरायची असते, घाईघाईत कप तोंडाला लावतो तर ओठाला भाताचं शीत! बघतो तर जुन्या कालनिर्णयाचा तुकडा, त्यावर लिहिलंय, 'कॉमन नाउन'. म्हटलं, अनुसया, हे काय गो? तर आमची ही, अठरा वर्षं संसार केलेली बायको, मान न वळवता म्हणते, "कुणाचाही असो, कप तो कपच. म्हणून कॉमन! गुरुदास सरांनी घरातल्या वस्तूंवर लावून पाठ करायला सांगितलंय."

जळत नाही हां मी! आधीच सांगून ठेवतो.

आता हा गुरुदास कोण? तर पेडण्याकडचा, केरीचा, बी. ए. झालेला, नोकरी लागेपर्यंत दुपारी आमच्या देवळाच्या मंडपात बायकांना फुकट इंग्रजी शिकवतो. तुम्हाला सांगतो, दोन वर्षं गावात कोंकणी की मराठी, मराठी की कोंकणी, भांडून भांडून घसे बसले, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनात, आणि शेवटी आमच्या बायका शिकायला गेल्या काय... तर इंग्रजी! हिचं कारण काय, तर पूजा पाचवीत गेली, पोरीचा अभ्यास घ्यायला नको? घे की! कोण नाही म्हणतो? पण त्यासाठी केसांत अबोलीची फाती कशाला? कधी माझ्या ट्रकात बसताना माळलीस?

बरं, कपावर थांबली असती तर ठीक. मेजाचं झालं टेबल, कदेलीचं चेअर, कुलेरीचं स्पून, सगळ्यांची नव्याने बारशी! पूजा म्हणजे प्रॉपर नाउन, डिचोली प्रॉपर नाउन, आणि माझा ट्रकसुद्धा, कारण पुढच्या पाटीवर 'श्री सातेरी' लिहिलंय. म्हटलं चला, आपली एक वस्तू तरी वरच्या वर्गात बसली! तेवढ्यात ही म्हणते, "पण तुमच्या ट्रकातलं ते आयर्न, ते मटेरियल नाउन हां!" काय डोळे चमकले होते सांगताना! अहो, अठरा वर्षं मी ते मटेरियल नाउन ओढतोय, तांबड्या धुळीने नाकतोंड भरून घरी येतोय, तेव्हा कधी विचारलंस, आज काय भरलं होतं हो? आणि त्याने नुसतं फळ्यावर लिहिलं तर डोळे चमकले!

जळतो म्हणू नका. कंबर दुखते म्हणून जरा चिडचिड होते, एवढंच.

मग आलं अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउन. हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, पण असतं, असं ही मला समजावते, तेही माशाची आमटी वाढताना. म्हटलं, कळलं मला! तुझे सरच आहेत ते. घरात दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, पण सकाळ-संध्याकाळ आहेतच! आमटी करपली होती, तुम्हाला म्हणून सांगतो. करपणार नाही तर काय? एक डोळा वहीत!

पण मी दम धरला. कारण चवथ जवळ आली होती, आणि चवथीला माटोळी, आणि माटोळी म्हणजे माझा प्रांत! गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि रानात जे जे पिकतं ते तिला बांधायचं. दोन दिवस रजा टाकून, पावसात काट्याकुट्यांतून फिरून मी एकेक फळ आणतो. अर्धं गाव बघायला लोटतं. "कृष्णनाथबाब, हे काय हो? ते काय हो?" मी नावं सांगतो, लोक माना डोलावतात, आणि वर्षातून तो एक दिवस अनुसया दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत राहते. खोटं कशाला बोलू, त्या एका दिवसावर मी अख्खं वर्ष काढतो.

आणि ह्या चवथीला हिने बोलावलं कुणाला? बरोबर!

आले सर. इस्त्रीचा शर्ट, चष्मा. माटोळीखाली उभे राहिले आणि सुरूच! "बघा, नारळ, कॉमन नाउन! सुपारीचा घोस, बंच, कलेक्टिव नाउन!" बायका म्हणतात, "अगो बाई, माटोळीतसुद्धा नाउन!" फळं मी आणली, ओरखडे माझ्या हातावर, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे! अनुसया दाराशी उभी होती... पण बघत होती तिकडे.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, ते तांबडं गोल दिसतंय, त्याचं नाव काय?" सरांनी मान वर केली. "बरं, त्याच्या बाजूचं?" सर टाचा उंचावून बघायला लागले! "ती खुळखुळ वाजणारी शेंग?" सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "नाही माहीत." जिंकलो! कवंडळ ओळखता येत नाही आणि आला मोठा नाउन शिकवायला! आता निदान कान तरी लाल होतील म्हटलं, तर हा माणूस खिशातून डायरी काढतो. "आमच्याकडे माटोळी आजोबा बांधायचे. ते गेले, मी नावं कधी विचारलीच नाहीत. तुम्ही सांगाल?" आणि बसला मांडी घालून! चव्वेचाळीस नावं लिहून घेतली, वर माझ्या पाया पडला. आता मला सांगा, अशा माणसावर धड जळता तरी येतं का? म्हणजे... मी जळत नव्हतोच!

गणपती पोचवले, वर्ग पुन्हा सुरू झाला. परवा दुपारी अनुसया वर्गातून आली, माझ्यासमोर बशीत दोन गोड नेवऱ्या, म्हणजे करंज्या हो, ठेवल्या आणि बघत राहिली. तसंच, चवथीला बघते तसं! म्हणाली, "तुम्ही किती हुशार आहात हो!" अठरा वर्षांत पहिल्यांदा! म्हटलं, "आज कळलं तुला?"

"हो ना," म्हणाली, "आज वर्गात सरांनी सांगितलं."

काय करणार? खाल्ल्या नेवऱ्या.