चौथं पत्र

नौपाड्यातल्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नाटककार आणि त्याच्या गणपतीतल्या नाटकाची नायिका नंबरची वाट पाहत बसले होते.

"सुधीरराव, एका नाटकात मी चार-चार पत्रं वाचायची?"

"तुमचं पाठांतर होत नाही. संवाद पत्रात घातले की बघून वाचता येतात."

"चौथं मात्र 'प्रिय उत्तरा' असं सुरू होतं म्हणे. नायिका तर सुमेधा आहे, उत्तरा मी."

"म्हणे? तुम्ही वाचलं नाहीत?"

"काल तुम्हाला ताप, माझा घसा बसलेला. तालमीत माझ्या जागी अण्णा उभे राहिले."

"तुमच्या वडिलांनी वाचलं? सगळ्यांसमोर?"

"खणखणीत आवाजात."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तीन अंकांत एवढं एकच पान जमलंय पोराला."