खुंटी ठोकली आमच्या विहिरीवर

आमची आत्या रेल्वेच्या साहेबावर कशी भडकली, ऐका. मिरजेकडची नवी रुंद लाइन आखताना त्यानं खुंटी ठोकली आमच्याच विहिरीच्या काठावर! गावच्या विहिरीला शिवू देत नव्हते, म्हणून बौद्ध झाल्यावर वस्तीनं स्वतः खणलेली ती विहीर.

साहेब म्हणाला, "नवी विहीर होईपर्यंत पाणी गावच्या विहिरीवर भरा."

"चला, आत्ताच भरू," म्हणत आत्या घागर घेऊन निघाली. साहेब मागोमाग.

विहिरीवर पाटील उभाच होता. तो आत्यावर ओरडला, "ए, माघारी फिर!"

साहेबाचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "बाई, लाइन बाजूला घेतो."

आत्या तिथंच कडाडली, "लाइन सरकवाल वो, पर ह्याला एक शबुद बोलला न्हाईसा!"