खंडेनवमीचं इंजिन

बसा मंडळी, बसा — आणि ऐका! आज एकच प्रश्न विचारणार आहे. उत्तर घेतल्याशिवाय कुणालाही उठू देणार नाही. मागं खांबाला टेकून डोळे मिटलेल्या काकांनाही नाही! काम चोख झालं, हे ठरवायचं कुणी? करणाऱ्यानं? गिऱ्हाइकानं? की देवानं?

देव म्हणालात! वाटलंच मला. देवावर ढकललं की आपण मोकळे!

तर बोरखेडी फाट्यावर त्र्यंबक मिस्त्रीचं गॅरेज होतं. ट्रकच्या इंजिनात त्र्यंबकचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही — असं कोण म्हणायचं? त्र्यंबकच म्हणायचा! "माझ्या हाताला चूक ठाऊक नाही!" हे दिवसातून चारदा. चहा पिताना पाचव्यांदा.

त्याच्याकडे अंबादास ड्रायव्हरचा ट्रक आला. वीस वर्षांचा जुना, वडलांच्या माघारी अंबादासच चालवायचा. त्र्यंबकनं इंजिन उघडलं. आत बारा व्हॉल्व. प्रत्येक व्हॉल्वला दाबणारा एक रॉकर, आणि त्या रॉकरला खालून ढकलणारी एक लोखंडी काडी — तिला पुशरॉड म्हणतात. असे बारा रॉकर, बारा काड्या. हसता काय? कीर्तनकारानं काय जन्मात गॅरेज पाहू नये?

रॉकर झिजलेले होते, पण चालण्याजोगे. त्र्यंबक म्हणाला, "जुनेच घालू. फक्त ज्याचं त्याच्याच जागी गेलं पाहिजे." अगदी बरोबर बोलला! कारण आता बाहेर जा, आणि दुसऱ्याची जुनी चप्पल घालून बघा. (आत्ता नको हो, कीर्तन संपल्यावर!) नंबर तोच असतो, पण अंगठ्याचा खळगा त्याच्या अंगठ्याचा. चाल बिघडते! जुन्या रॉकरचंही तसंच. ज्याच्याशी घासून झिजला, त्याच्याशीच त्याचं जमतं.

म्हणून त्र्यंबकनं पुठ्ठ्याला भोकं पाडली, आकडे घातले, एकेक काडी खोचली, शेजारी तिचा रॉकर ठेवला. शहाणा माणूस! इथवर शहाणा.

मग उजाडली खंडेनवमी. हत्यारांची पूजा! आणि फाट्यावरची दहा माणसं बघायला येणार! त्र्यंबकच्या अंगात आलं. पान्हे मांडले, हातोड्या मांडल्या, तरी मन भरेना. मग या पठ्ठ्यानं काय करावं? पुठ्ठा उचलला, आणि बाराच्या बारा काड्या, बारा रॉकर — धाडकन् डिझेलच्या घमेल्यात! घासले. चकाकवले. देवाच्या तसबिरीभोवती सूर्याच्या किरणांसारखे मांडले. वर हळद, कुंकू, झेंडू! लोक फोटो काढतायत आणि मिस्त्री कपाळाला आठी न पाडता म्हणतोय, "भक्ती लागते, बाबांनो!"

वा रे भक्ती!

दुपारी इंजिन जोडायला बसला, आणि हातातला पाना तसाच राहिला. पुठ्ठा रिकामा! पाचवा कुठला? नववा कुठला? सगळे सारखेच चकचकीत. कळलं त्याला, मंडळी! पक्कं कळलं!

मला त्या चुकीचा राग नाही. चूक होते. पण उपाय होता ना! शहरातून नवा संच आठ दिवसांत आला असता. फक्त अंबादासला सांगायचं होतं, "माझं चुकलं." एवढंच! पण सकाळी भक्तीवर प्रवचन दिलेलं तोंड ते. उघडेल कसं?

घातले अंदाजानं. रॉकर आणि व्हॉल्वमधल्या फटीत मापाची पट्टी सरकवून अंतर जुळवलं. झिजलेल्या रॉकरला खळगा असतो, पट्टी त्या खळग्यावर आडवी बसते आणि खळग्यातली पोकळी मापात येतच नाही. हेही त्याला ठाऊक होतं! इंजिन सुरू झालं — टक्, टक्, टक्, टक्!

अंबादास म्हणाला, "मिस्त्री, आवाज कसला हो?"

"जुनं इंजिन बोलणारच! तुझ्या म्हाताऱ्याचे गुडघे वाजत नव्हते का? जा, डोळे झाकून घाट चढ!"

डोळे झाकून घाट! ऐकलंत सल्ला?

दसऱ्याच्या सकाळी अंबादासनं ट्रकमध्ये सिमेंटची पोती भरली. निघताना भला माणूस मिस्त्रीच्या दारात थांबला. मिस्त्रीची बायको सुंदराबाई, तिचं माहेर घाटावर. "चला वहिनी, सोडतो." ती चार वर्षांच्या पोरीला घेऊन केबिनमध्ये चढूनही बसली. त्र्यंबक न्हाणीत होता. बाहेरून ऐकू आलं — टक्, टक्, टक् — आणि वर पोरीचा आवाज, "बाबा, टाटा!"

मंडळी, ओल्या अंगानं धावला तो! पंचा सावरत, अनवाणी! ट्रकच्या पुढ्यात आडवा उभा राहिला.

"उतर! सुंदरा, उतर खाली!"

"अहो, का?"

"दिवस... दिवस बरा नाही!"

"दसरा बरा नाही?"

"एस्टीनं जा! पोरीला दे इकडं!" पोरीला ओढून छातीशी धरलं, तेव्हा कुठं श्वास आला.

अंबादास वरून बघत होता. त्यानं किल्ली फिरवली. आवाज थांबला. मग तो सावकाश खाली उतरला, आणि किल्ली त्र्यंबकच्या ओल्या हातावर ठेवली.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मलाबी एक लेक हाय."

बस्स! शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्र्यंबक तिथंच मातीत बसला. ज्या तोंडाला काल जमलं नाही, ते सगळ्या फाट्यासमोर बोललं, "माझं चुकलं, अंबादास." इंजिन उघडलं, तर एक काडी खोबणीतून निम्मी निसटलेली. पोती भरलेला ट्रक ऐन चढावर दम तोडून मागं घसरला असता, मागं खोल दरी!

आता मंडळी, मिस्त्रीला हसून झालं? मग माझ्याकडे बघा. काम चोख आहे का, हे देवाला विचारायची गरज नाही. त्यात आपलं लेकरू बसवता येतं का, एवढं बघा!

मान डोलावताय! छान. सांगा मग — बाजारात जाणाऱ्या वांग्यांवर आठवड्याला विषारी औषधाचे तीन फवारे, आणि बांधाकडेची बिनफवाऱ्याची एक सरी घरच्यासाठी वेगळी, ती कुणा-कुणाच्या रानात आहे? करा हात वर!

का हो? टाळ का थांबले?