गैरहजर माळ्याचं अपील

चहा घेत घेत ऐका, मला बोलायला वेळ लागतो. मी कोथरूडच्या एका कंपनीत माळी होतो. 'न सांगता गैरहजर' म्हणून त्यांनी मला काढलं. जायचो मी रोज, पण मातीत झिजलेला माझा अंगठा हजेरीच्या मशीनला ओळखूच यायचा नाही.

खालच्या कोर्टात हरलो. वर अपील करायची मुदतही टळली. माझी वकीलबाई नातीच्या वयाची. म्हणाली, "काका, आता आधी उशिरा अपील करायची परवानगी मागायची. जजसाहेबांनी विचारलं तर आजारी होतो म्हणा."

साहेबांनी विचारलंच, "एवढा उशीर का झाला?"

मला खोटं काही जमेना. म्हटलं, "साहेब, उन्हाळा होता. मी लावलेली रोपं वाळत होती. वॉचमन ओळखीचा, तो आत सोडायचा. रोज पाणी घालता घालता कोर्टाचं राहून गेलं."

वकीलबाईनं कपाळाला हात लावला. कंपनीचे वकील ताडकन उठले. "बघा साहेब! काढून टाकलं तरी हा माणूस रोज येतो. एक दिवस खाडा नाही!"

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, आपण यांना काढलंत कशासाठी?"

"गैरहजेरी..." म्हणता म्हणता वकील हळूच खाली बसले.

परवानगी मिळाली. बाहेर आल्यावर वकीलबाई लटकंच रागावली, "काका, पुढच्या तारखेला तरी मी सांगेन तेच बोला हं!"

म्हटलं, "बोलेन की पोरी. फक्त तारीख सकाळची घेऊ नकोस, पाण्याची वेळ असते."